शिकवणारेच लढाईत: लुफ्तवाफेच्या प्रशिक्षण तुकड्यांचा आढावा

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन हवाई दलावरचे, म्हणजे लुफ्तवाफेवरचे, लेखन वाचताना एक सवय ठळकपणे दिसते. तुकडी कोणतीही असो, तिने शत्रूची किती विमाने पाडली हा प्रश्न आधी येतो. लढणाऱ्या तुकड्यांना तो विचारणे रास्तच आहे. पण हीच फूटपट्टी प्रशिक्षण तुकड्यांनाही लावली जाते आणि तिथे घोळ होतो. 1945च्या सुरुवातीला बव्हेरियातील लेखफेल्डच्या धावपट्टीवर मेसरश्मिट 262 हे जेट विमान शिकवणारी एक तुकडी होती. तिचा प्रमुख हाइन्झ बेअर आज ओळखला जातो तो जेटवरून पाडलेल्या 16 विमानांसाठी. त्याच्या हाताखालून किती वैमानिक तयार होऊन बाहेर पडले, हे सहसा कोणी विचारत नाही. माझ्या मते लुफ्तवाफेच्या प्रशिक्षण तुकड्यांचा सगळा इतिहास या न विचारलेल्या प्रश्नात आहे. या तुकड्या आघाडीच्या जवळ राहाव्यात अशीच त्यांची रचना केली होती. सुरुवातीला ते त्यांचे बळ होते. पुढे त्याच जवळिकीमुळे सेनापतींना त्या हाताशी असलेली राखीव फौज वाटू लागल्या आणि एकेक करून खर्ची पडल्या. जर्मनीची हवेतली हार जगाला 1944मध्ये दिसली. ती ठरत गेली त्याआधीच्या चार वर्षांत, या तुकड्यांमध्ये.

याच जर्मनीने प्रशिक्षणासाठी एकेकाळी कमालीचा धीर दाखवला होता, हे आधी नोंदवले पाहिजे. व्हर्सायच्या तहाने हवाई दल ठेवायला बंदी घातली, तेव्हा जर्मन लष्कराने सोव्हिएत रशियाशी गुपचूप संधान बांधले आणि मॉस्कोच्या आग्नेयेला लिपेत्स्क येथे 1925पासून 1933पर्यंत वैमानिक घडवले. त्यासाठी हॉलंडहून फोकर बनावटीची 50 विमाने घेतली. आठ वर्षांत बाहेर पडलेल्या लढाऊ वैमानिकांचा आकडा शे-सव्वाशेच्या आसपासच होता, पण नव्या हवाई दलाचा कणा त्यांच्यातून उभा राहिला. 1935मध्ये लुफ्तवाफे उघडपणे अस्तित्वात आली आणि तिने शिक्षणाची एक लांब साखळी उभारली. आधी पायदळी कवायत, मग ब्युकर किंवा फोके-वुल्फच्या दुपंखी विमानांवर प्राथमिक उड्डाण. बॉम्बफेकी वैमानिकाला पुढे बहुइंजिनी विमानांची शाळा आणि केवळ उपकरणांच्या भरवशावर उडायला शिकवणारी ‘आंधळ्या उड्डाणा’ची शाळा करावी लागे. लढाऊ वैमानिक त्याऐवजी लढाऊ विमानांच्या शाळेत जाई. बॉम्बफेकी वैमानिकाला यात दोन वर्षे सहज जात. युद्धाच्या आरंभी या साखळीतून आलेला जर्मन वैमानिक जगात कोणाहून उणा नव्हता.

या शाळांच्या पलीकडे, पण आघाडीच्या अलीकडे, दोन प्रकारच्या तुकड्या होत्या. पहिला प्रकार ‘लेअरगेश्वाडर’ या नावाच्या दोन विंगांचा. एरवीच्या विंगमध्ये एकाच कामाची विमाने असत. इथे मात्र एकाच विंगमध्ये लढाऊ, बॉम्बफेकी, सूर मारून बॉम्ब टाकणारी श्टुका, जमिनीवर हल्ला करणारी अशी नाना प्रकारची विमाने होती. नव्या यंत्रांवर नवे डावपेच आजमावायचे, ते अंगवळणी पडले की उरलेल्या दलाला शिकवायचे, असा त्यांच्यामागचा विचार. अशा कामासाठी निवडक माणसे लागतात, म्हणून तिथे निवडक माणसेच पाठवली गेली. आणि निवडक माणसे आहेत म्हणूनच 1939पासून प्रत्येक मोहिमेत या विंगा सगळ्यात पुढे उभ्या केल्या गेल्या. 1940च्या उन्हाळ्यात इंग्लंडवर चालून जाणाऱ्यांत त्या होत्या आणि दुइंजिनी मेसरश्मिट 110 उडवणाऱ्या त्यांच्या एका गटाचे हाल तर बोलून सोय नाही. 27 सप्टेंबर 1940 रोजी त्या गटाने अनेक विमानांबरोबर आपला प्रमुखही गमावला, आणि जे उरले ते रात्रीच्या लढाऊ दलात सामावून घेतले गेले. दुसरी विंग 1942च्या आरंभापर्यंत मोडून इतर तुकड्यांत वाटली गेली. पहिली भूमध्य समुद्रावर चारचौघींसारखी बॉम्बफेकी विंग होऊन राहिली. 11 मे 1942 रोजी तिच्या युंकर्स 88 विमानांच्या हल्ल्यांना लाइव्हली, किपलिंग आणि जॅकल या तीन ब्रिटिश विनाशिका बळी पडल्या. हा पराक्रम खराच. पण त्या दिवसापर्यंत ‘शिकवणारी विंग’ ही ओळख फक्त पाटीवर उरली होती.

दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा आणि तुलनेने कमी प्रसिद्ध: पूरक तुकड्यांचा. शाळेतून पदक घेऊन निघालेला वैमानिक थेट आघाडीवर टिकत नाही, हे जर्मनांनी लवकर ओळखले होते. म्हणून प्रत्येक विंगने स्वतःची एक पूरक तुकडी पिछाडीला ठेवायची आणि तिथे त्याच विंगचे मुरलेले वैमानिक काही काळ येऊन नव्यांना हाताखाली घेणार, अशी योजना झाली. बॉम्बफेकी विंगांमध्ये हे काम चौथ्या गटाकडे असे. ही व्यवस्था उत्तम होती असेच म्हणावे लागेल. नवशिक्याला ज्यांच्याबरोबर उडायचे तीच माणसे शिकवत, त्याच आघाडीवरचे ताजे अनुभव सांगत, आणि पोराचा वकूबही ओळखून असत. 1942मध्ये लढाऊ विंगांच्या पूरक तुकड्या एकत्र करून दक्षिण, पूर्व आणि पश्चिम अशा तीन मोठ्या तुकड्या केल्या गेल्या. कागदावर त्यामुळे शिस्त आली. विंग आणि तिचा नवशिका यांतली नाळ मात्र सैल झाली. शिवाय या तुकड्यांतल्या प्रशिक्षकांमधून लढाईसाठी तयार पथके ठेवण्याचा प्रघात होता. पुढे जर्मन आकाशात अमेरिकन बॉम्बफेकी विमानांच्या झुंडी दिसू लागल्या, तेव्हा ही पथकेही वर पाठवली गेली. त्या दिवशीचा धडा अर्थातच रद्द होई. प्रशिक्षक परत आला नाही, तर पुढचे अनेक धडेही रद्द होत.

तरी सर्वांत खोल जखम झाली ती लढाऊ तुकड्यांना नव्हे, तर बहुइंजिनी शाळांना, आणि ती केली युंकर्स 52 या तीन इंजिनांच्या साध्यासुध्या विमानाने. हे लुफ्तवाफेचे मुख्य मालवाहू विमान होते आणि शाळांचे मुख्य शिकाऊ विमानही तेच होते. पुरेसे कायम मालवाहू दल उभे केलेच नव्हते. मोठी मोहीम निघाली की शाळांमधून विमाने आणि त्यांच्याबरोबर प्रशिक्षक उचलायचे, तात्पुरते गट बांधायचे, मोहीम संपली की परत पाठवायचे, असा खाक्या होता. एप्रिल 1940मध्ये नॉर्वे, मेमध्ये हॉलंड, पुढच्या वर्षी क्रीट. दर वेळी जितके गेले त्यापेक्षा कमी परतले. 1942च्या फेब्रुवारीत रशियातील देम्यान्स्कच्या वेढ्यात सुमारे एक लाख जर्मन सैनिक अडकले. त्यांना हवाई मार्गाने रसद पोहोचवण्यात यश आले, पण अडीचशेहून अधिक युंकर्स 52 त्यात गेली. आणि या यशानेच घात केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात स्टालिनग्राडला वेढा पडला, तेव्हा देम्यान्स्कचा दाखला समोर होता. रोज किमान 300 टन रसद हवी असताना सरासरीने सुमारे 100 टन पोहोचली. 2 फेब्रुवारी 1943 रोजी सगळे संपले तेव्हा 488 विमाने गेली होती, त्यांत 266 युंकर्स 52 आणि 42 युंकर्स 86. ही दुसरी विमाने जुनाट होती आणि शाळांमधून काढून आणली होती. रशियाच्या हिवाळ्यात, आखूड आणि बर्फाळ धावपट्ट्यांवर, शत्रूच्या तोफांखाली ती उडवायला पाठवलेल्या माणसांमध्ये आंधळ्या उड्डाणाचे शिक्षक होते. नेमके तेच का, याचे उत्तर सरळ आहे. त्या हवामानात उडू शकणारे दुसरे कोणी फारसे नव्हतेच.

याचा परिणाम कुठे कुठे पोहोचला ते पाहण्यासारखे आहे. आंधळे उड्डाण शिकवणारे गेले, त्यामुळे 1943मध्ये बॉम्बफेकी दलाला आणि त्याहूनही रात्रीच्या लढाऊ दलाला उपकरणांवर उडणारे वैमानिक कमी पडू लागले. दिवसा लढणाऱ्या वैमानिकांना तर हे शिक्षण जेमतेमच मिळे. 1943-44च्या हिवाळ्यात जर्मनीवरचे आकाश ढगांनी भरलेले असताना त्यांना त्या ढगांतून वर जावे लागे आणि पुन्हा त्यांतूनच खाली यावे लागे. त्या काळात लुफ्तवाफेच्या विमानहानीचा मोठा हिस्सा शत्रूच्या गोळ्यांनी नव्हे, तर अपघातांनी झाला. स्टालिनग्राडच्या धावपट्टीवर पडलेल्या शिक्षकाचा हिशेब असा वर्षभराने चुकता होत होता. हवाई दलाच्या जनरल स्टाफचा प्रमुख हान्स येशोनेक याचे म्हणणे, आधी रशियाचा निकाल लावू, मग प्रशिक्षणाचे पाहू, असे होते, असे सांगतात. शब्द नेमके हेच असोत वा नसोत, व्यवहार तसाच होता. ऑगस्ट 1943मध्ये त्याने आत्महत्या केली. प्रशिक्षणाच्या विभागाकडे शाळा होत्या, पण त्यांतील विमाने आणि माणसे उचलली जात असताना ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नव्हता. माझ्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातला हा सर्वांत मोठा दोष आहे.

आकडे याला दुजोरा देतात. 1942च्या शरदापर्यंत नवा जर्मन लढाऊ वैमानिक सुमारे 240 तास उडून आघाडीवर येई आणि ब्रिटिश वैमानिक सुमारे 200 तास. जुलै 1943 ते जून 1944 या वर्षात जर्मनाचे तास 170च्या आसपास आले आणि ब्रिटिशाचे 335च्या वर गेले. युद्धाच्या अखेरीस जर्मन 110वर होता; ब्रिटिश 340 आणि अमेरिकन साडेतीनशेच्या घरात. ज्या विमानावर प्रत्यक्ष लढायचे त्यावरचे तास पाहिले तर दरी आणखी रुंद दिसते. 1943मध्ये जर्मन शाळांनी आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट लढाऊ वैमानिक बाहेर काढले, हे खरे. पण संख्या वाढवली ती प्रत्येकाचे तास छाटून, आणि आघाडी त्यांना गिळतही त्याच वेगाने होती. जानेवारी ते मे 1944 या पाच महिन्यांत लढाऊ दलाने 2,262 वैमानिक गमावले. त्या काळात त्याचे सरासरी बळ 2,283 होते. म्हणजे पाच महिन्यांत अख्खे दल एकदा बदलून झाले. त्याच वर्षी कारखान्यांनी सुमारे 40,000 विमाने बांधली. आडातच नाही तर पोहोऱ्यात कुठून येणार, तसे हे झाले. फक्त इथे आटली होती ती माणसे, विमानांचा पूर होता.

कमी तास म्हणजे नक्की काय, हे मेसरश्मिट 109च्या उड्डाणात स्पष्ट दिसते. या विमानाची चाके धडाला जोडलेली आणि बाहेरच्या बाजूला मिटणारी, त्यामुळे दोन चाकांतले अंतर फार कमी. इंजिन भलतेच ताकदवान. थ्रॉटल एकदम पुढे लोटला की नाक डावीकडे ओढ घेई. उजव्या पायाने रडर दाबून, शेपूट घाईने न उचलता, शक्ती हळूहळू वाढवत न्यायची हे तंत्र. त्यात चूक झाली की पंख जमिनीला टेकून विमान आडवे. अनुभवी वैमानिकाचा पाय हे आपोआप करी. या विमानावर वीस-तीस तासच उडालेल्या मुलाला ते आठवून करावे लागे आणि आठवेपर्यंत धावपट्टी संपलेली असे. शिक्षक मागे बसू शकेल अशी या विमानाची दोन आसनांची आवृत्ती जी-12 निघाली, तीही युद्ध चार वर्षे चालून गेल्यावर आणि जुन्या विमानांत फेरफार करून. तोवर नवशिक्याचे 109मधले पहिले उड्डाण एकट्याचेच होते.

या मांडणीवर पहिला आक्षेप इंधनाचा. खरा गळफास पेट्रोलचा होता, मग प्रशिक्षणाला दोष कशाला? मे 1944पासून कृत्रिम पेट्रोलच्या कारखान्यांवर अमेरिकन बॉम्बहल्ले सुरू झाले. एप्रिलमध्ये विमानाच्या पेट्रोलचे उत्पादन सुमारे 1,75,000 टन होते. सप्टेंबरात ते त्याच्या दहाव्या हिश्श्याखाली गेले. शाळांना मग थेंबही मिळेना. हे नाकारण्याचे कारण नाही. पण तास घटायला लागले ते 1942च्या अखेरीस, म्हणजे या हल्ल्यांच्या दीड वर्ष आधी. त्या वेळीही शाळांच्या इंधनात कपात झाली होती. मात्र ती शत्रूने नव्हे, काकेशसची मोहीम चालावी म्हणून आपल्याच मुख्यालयाने केली होती. टंचाई होतीच, पण टंचाईत पहिला घास कोणाच्या ताटातला काढायचा हे माणसे ठरवतात. दुसरा आक्षेप जागेचा: ब्रिटनपाशी कॅनडा होता, अमेरिकेपाशी टेक्सास, जर्मनीने शिकवायचे कुठे? 1944च्या वसंतानंतर हे अगदी खरे आहे. अमेरिकेची मस्टँग लढाऊ विमाने बॉम्बफेकी विमानांच्या सोबतीचे काम सोडून जर्मन धावपट्ट्यांवर झेप घेऊ लागली, तेव्हा शाळांची पिवळ्या पट्ट्यांची विमानेही सुटली नाहीत, आणि पूर्वेकडे हलवलेल्या शाळांवर लवकरच लाल सेना येऊन ठेपली. पण 1940च्या उन्हाळ्यापासून अडीच-तीन वर्षे फ्रान्सपासून पोलंडपर्यंतचे आकाश जर्मनीच्या ताब्यात होते. ती वर्षे वाया गेली.

तिसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि तो टाळून चालणार नाही. संकटात सगळेच हे करतात. 1940च्या उन्हाळ्यात ब्रिटिशांनी लढाऊ वैमानिकांचा अखेरचा अभ्यासक्रम दोन आठवड्यांवर आणला. स्पिटफायरवर दहा-बारा तास उडालेली मुले लढायला गेली. आणि 30 मे 1942च्या रात्री कलोनवर गेलेल्या 1,047 विमानांपैकी एक तृतीयांशाहून अधिक विमाने प्रशिक्षण तुकड्यांची होती. मग दोष एकट्या जर्मनांचा कसा? फरक त्यानंतर काय झाले यात आहे. कलोनची मोहीम आणि तिच्यामागोमागच्या तशाच काही मोहिमा झाल्यावर ती विमाने आणि ते शिक्षक आपल्या धावपट्ट्यांवर परतले आणि शिकवू लागले. या उसनवारीची सवय पडू दिली गेली नाही. 1940मध्येही, सप्टेंबरात वैमानिकांची चणचण टोकाला गेली असताना, लढाऊ दलाचा प्रमुख ह्यू डाउडिंग याने उत्तरेकडच्या काही स्क्वाड्रन चक्क ‘सी’ दर्जाच्या ठरवल्या. त्यांतले अनुभवी लोक आग्नेयेला पाठवले आणि उरलेल्यांवर नवशिक्यांना तयार करण्याचे काम सोपवले. संकटात डाउडिंगने लढणाऱ्या तुकड्यांच्या शाळा केल्या. जर्मनांनी शाळांच्या लढणाऱ्या तुकड्या केल्या. ब्रिटिश बॉम्बफेकी दलात 30 मोहिमांची पाळी पुरी झाली की वाचलेला माणूस सहसा शिकवायला पाठवला जाई, हा नियमही याच विचारातला.

जर्मनीत अशी पाळी नव्हती. मरेपर्यंत, जायबंदी होईपर्यंत किंवा युद्ध संपेपर्यंत उडायचे. त्यातून ते अचाट आकडे निघाले, एरिक हार्टमानची 352 विमाने त्यांत पहिली, आणि त्यांच्या आधारे कोणी म्हणेल की जर्मन शिक्षण काही वाईट नव्हते. पण हार्टमान हीच माझ्या बाजूची साक्ष आहे. तो ऑक्टोबर 1940मध्ये दाखल झाला आणि ऑक्टोबर 1942मध्ये काकेशसला आघाडीवर पोहोचला. मध्ये दोन वर्षांची पुरी साखळी, शेवटी क्राकोव्हजवळची पूर्व पूरक तुकडीसुद्धा. एवढे होऊनही पहिल्याच चकमकीत तो आपल्या जोडीदाराला सोडून हल्ल्यावर गेला, मग त्यालाच शत्रू समजून पळत सुटला आणि पेट्रोल संपवून विमान पोटावर उतरवून बसला. शिक्षा म्हणून तीन दिवस यांत्रिकांबरोबर काम करावे लागले. त्याला सावरायला तोच जोडीदार, रोसमानसारखा मुरलेला वैमानिक, शेजारी होता आणि सावरायला वेळही मिळाला. 1944मध्ये जर्मनीच्या आकाशात निम्म्या तासांवर आलेल्या मुलाला पहिली चूक हीच बहुधा शेवटची ठरे.

शेवटच्या वर्षात शाळा आणि आघाडी यांत काही भेदच उरला नाही. लेखफेल्डला जेट शिकवताना अडचणी एकावर एक होत्या. थ्रॉटल जरा घाईने पुढे सारला की इंजिन विझे किंवा पेट घेई, काही तासांच्या उड्डाणानंतर ते बदलावे लागे, दोन आसनांची विमाने मोजकी, आणि धावपट्टीवर शत्रूची नजर. बेअरसारखा माणूस जेट घेऊन वर जाई तेव्हा काही विमाने पडत, यात शंका नाही. पण शिक्षकाने मिळवलेला प्रत्येक विजय हा शिकवण्यातून काढलेला वेळ आणि पेट्रोल होते. तिकडे बॉम्बफेकी वैमानिकांना घाईघाईने जेटवर चढवून उभारलेल्या विंगांची गत आणखी वाईट झाली. हाइंकेल 162 हे स्वस्त जेट तर ग्लायडर शिकलेल्या पोरांकडून उडवून घेण्याच्या गप्पा झाल्या. ते विमान पहिल्या उड्डाणानंतर चारच दिवसांत, 10 डिसेंबर 1944 रोजी, कोसळले आणि मुरलेला चाचणी वैमानिक त्यात मेला. 7 एप्रिल 1945 रोजी तर सुमारे 180 विमाने अमेरिकन बॉम्बफेकी विमानांना धडका देण्यासाठी पाठवली गेली. त्यांतले बरेचसे स्वेच्छेने आलेले तरुण प्रशिक्षण तुकड्यांमधलेच होते. शिकवून तयार करायला वेळ नाही, तेव्हा ज्याला फारसे शिकावे लागत नाही असे काम शोधले गेले.

म्हणून प्रशिक्षण तुकडीचा इतिहास लिहिणाऱ्याने तिने पाडलेल्या विमानांचा रकाना बाजूला ठेवावा आणि तिच्यातून बाहेर पडलेल्यांचे पुढे काय झाले ते पाहावे. त्या हिशेबात लुफ्तवाफेच्या या तुकड्या नालायक नव्हत्या. त्यांना त्यांचे काम करू दिले गेले नाही, असा माझा निष्कर्ष आहे. दुसऱ्या बाजूला, डिसेंबर 1939मध्ये करार झालेल्या राष्ट्रकुलाच्या प्रशिक्षण योजनेने कॅनडातून 1,31,553 हवाई सैनिक तयार केले. माणसे गरजेपेक्षा जास्त झाल्यामुळे 1944मध्येच ती आवरती घेण्यास सुरुवात झाली आणि 31 मार्च 1945 रोजी, त्या धडकांच्या आदल्या आठवड्यात, ती बंद झाली.